खोक्यावरचं नाव

राळेगावपासून सात-आठ किलोमीटरवरच्या त्या गावात ख्रिस्ती घर एकही नव्हतं, पण विजयमालाच्या ओसरीत नाताळ पोळ्यापासूनच सुरू व्हायचा. दुपारची जेवणं आटोपली की ती आणि गावातल्या आणखी तिघी तळहाताएवढ्या लाकडी रिंगा घेऊन बसत. रिंगेत कापड ताणून बसवायचं, त्यावर तारा, घंटा, मेणबत्ती नाहीतर लाल टोपीवाला म्हातारा सुईदोऱ्यानं भरायचा, आणि वरून टांगायला सुतळीचा फास लावायचा. या रिंगा नाताळच्या झाडाला टांगतात हे विजयमालाला माहीत होतं. झाड मात्र तिनं फोटोतच पाहिलेलं.

हे काम तिच्याकडे आणलं शुभदानं. दोघी राळेगावच्या शाळेत दहावीपर्यंत एका बाकावर बसलेल्या; विजयमाला तेव्हा तिथे मामाकडे राहायची. शुभदाचे वडील तहसीलमध्ये होते. त्यांची बदली झाली आणि ती यवतमाळला गेली, तिथेच नीळकंठ वकिलांशी तिचं लग्न झालं. विजयमाला मारेगावजवळच्या माहेरून लग्न होऊन बाबारावांच्या घरात आली आणि कापूस, सोयाबीन, तूर आणि लेक प्रेरणा यांत रमली. मध्ये पंचवीस वर्षं गेली. मग यवतमाळात बचत गटांचं प्रदर्शन होतं, तिथे विजयमाला उशांचे अभ्रे मांडून बसली होती. एक चष्मेवाली बाई अभ्रा उचलून टाके निरखत राहिली आणि एकदम म्हणाली, "अगं विजू, हा तुझा गाठीचा टाका! शाळेत बाईंनी वर्गभर फिरवून दाखवला होता तो."

शुभदाची मुलगी अनघा पुण्याला शोभेच्या वस्तूंचा धंदा करायची. नाताळाला गोव्यात आणि मुंबईत हाताच्या कामाला मागणी असते, असं तिनं आईला सांगितलं होतं. अशी सुरुवात झाली. विजयमाला रिंगा करायची, महिन्यातून एकदा एसटीनं यवतमाळला नेऊन द्यायची, शुभदा त्या पुण्याला पाठवायची.

पहिल्या वर्षी शुभदानं बारशिंग्याचं चित्र दिलं होतं. विजयमालानं भरलेला प्राणी पाहून ती पोट धरून हसली. "विजू, हा तर रोही झाला गं, आपली नीलगाय!"

"मंग? मले रोहीच माहीत हाये. रोज तूर खाऊन जाते मेला," विजयमाला म्हणाली. "तुह्या त्या जनावराले मी कोठी पाह्यलं?"

बर्फही तिनं पाहिला नव्हता. म्हणून बर्फाच्या जागी तिनं घरच्या कापसाची सरकी काढून पांढरा पुंजका टाक्यांनी पक्का केला. अनघानं फोनवर सांगितलं, की गिऱ्हाइकांना तो रोही आणि तो कापसाचा बर्फच सगळ्यात जास्त आवडला. तेव्हापासून शुभदानं चित्रं द्यायचं सोडलं. विजयमालाला जे सुचेल ते ती करू लागली.

पण रिंगा हे एक निमित्तच होतं. खरं सुख यवतमाळच्या त्या दुपारचं होतं. शुभदाच्या स्वयंपाकघरात दोघी जमिनीवर पाय पसरून बसायच्या, चहा व्हायचा, शाळेतल्या मास्तरांच्या नकला व्हायच्या. घरी विजयमालाला सगळे ऐकवत; तिचं ऐकणारी ही एकच होती.

तिसऱ्या वर्षी, अशाच एका दुपारी, शुभदानं तिला गव्हाणीची गोष्ट सांगितली. परगावी गेलेली गरोदर बाई, राहायला जागा नाही, कडाक्याच्या थंडीत गुरांच्या गोठ्यात बाळंत झाली आणि बाळाला गव्हाणीतल्या कडब्यावर निजवलं. "हे चित्र लोक हमखास मागतात बघ," शुभदा म्हणाली.

सुई कापडात अडकवून विजयमालानं रिंग मांडीवर ठेवली.

"काय झालं गं?"

"मले एक पोरगी झालती," विजयमाला म्हणाली. "प्रेरणाच्या आधी. माहेरी. आठ दिवस होती."

मग तिनं सांगितलं. डिसेंबर होता. माहेरच्या घरात बाजूच्या खोलीत वेचलेला कापूस छतापर्यंत भरला होता आणि त्याला लागून तिची बाज. कापसाची ऊब भिंतीतून यायची असं तिला वाटायचं. पोरगी इवलीशी होती, पांढरीफटक, मूठ मिटलेली. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं होतं. तोवर नाव कुठून? पण विजयमाला दूध पाजताना तिच्या कानात हाक मारायची. बोंडी. कापसाचं बोंड असतं तशी, म्हणून बोंडी. आठव्या दिवशी पोरीला थंडी बाधली आणि दवाखान्यात नेईतो ती संपली. बाबाराव आले, आजा आला, पुरुष तिला घेऊन गेले. आठ दिवसांच्या लेकराचं कोणी सुतकही धरत नाही. पुन्हा त्या घरात किंवा या घरात तो विषय निघाला नाही. प्रेरणालाही माहीत नाही.

"अन् नाव?" शुभदानं विचारलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"नाव फक्त मले माहीत. अन् आता तुले."

पुढच्या महिन्यात विजयमाला आली ती एक रिंग पदराखाली धरून. तीत गोठा होता, पण विदर्भातला, कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांच्या कुडाचा. गव्हाण नव्हती. कडुलिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली होती, आणि झोळीतून एक इवलासा पाय बाहेर आला होता. तळपायाला काळ्या दोऱ्याच्या एका गाठीनं तीट लावली होती. शेजारी बसलेली आई पाठमोरी, तिचं तोंड दिसत नव्हतं.

"ही पुण्याले धाडू नको," ती म्हणाली. "इकायची नाही. घरी टांगली तर दहा जण विचारतीन. तुह्याजवळ असू दे."

शुभदानं तिला मिठी मारली. दिवाणखान्यात, नीळकंठ वकिलांच्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी तिनं ती रिंग लावली. त्यानंतर विजयमाला दर खेपेला आल्या आल्या तिथे क्षणभर उभी राहायची, मग स्वयंपाकघरात जायची.

गेल्या वर्षी काम कमी झालं. "यंदा मंदी आहे म्हणते अनघा," शुभदानं सांगितलं. यंदा तर पोळा होऊन गेला तरी निरोप नाही. फोन केला तर, "थोड्याच लागतील गं, पन्नास पुरे." बरोबरच्या तिघी विचारायच्या, विजयमाला त्यांना मंदीचंच सांगायची. तिचा त्यावर विश्वास होता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आरोग्य उपकेंद्रातली नवी सिस्टर दारात आली. एस्तेर तिचं नाव, मूळची नगरकडची, दोनच महिने झाले होते बदली होऊन. ओसरीत विजयमाला तूर निवडत होती आणि कॉलेजला सुटी म्हणून घरी आलेली प्रेरणा केस वाळवत बसली होती.

"विजयमालाताई तुम्हीच ना?" एस्तेरनं हात जोडले. चेहऱ्यावर थोरामोठ्यांना भेटायला आल्यासारखा भाव होता. "मी कधीची शोधतेय तुम्हाला. माझ्या गोव्याच्या बहिणीनं हे पाठवलं. त्यावर तालुक्याचं नाव वाचलं आणि म्हटलं, अरे, मी तर इथेच नोकरीला!"

तिनं पिशवीतून एक देखणा पुठ्ठ्याचा खोका काढला. झाकणावर कापसाच्या बोंडाचं चित्र होतं आणि खाली मोठ्या वळणदार अक्षरांत एकच शब्द होता. विजयमालाला चष्म्याशिवाय वाचता येईना. प्रेरणानं वाचलं, "बोंडी."

विजयमालाच्या हातातलं सूप तिरपं झालं आणि तुरीचे दाणे ओसरीभर पसरले.

"आत कार्ड आहे," एस्तेर म्हणाली. "वाच ना तू. आम्ही सगळ्यांनी घरी बसून वाचलं, ताई. तुमच्यासाठी प्रार्थना केली."

कार्ड इंग्रजीत आणि मराठीत होतं. प्रेरणानं मोठ्यानं वाचायला घेतलं. "'राळेगाव तालुक्यातल्या लहानशा गावात विजयमाला ही शेतकरी आई राहते. ऐन थंडीत, कापसाच्या ढिगाशेजारी, तिला पहिली मुलगी झाली. ती आठच दिवस जगली. तिचं बारसंही झालं नाही, पण आई तिच्या कानात म्हणायची...'" प्रेरणा थांबली. तिनं आईकडे पाहिलं, मग पुन्हा कार्डाकडे, आणि उरलेलं मनातल्या मनात वाचलं. शेवटी फक्त इतकंच म्हणाली, "आई, तुझा फोटो आहे इथं."

फोटो शुभदाच्या स्वयंपाकघरातला होता. विजयमाला खाली पाहून सुईत दोरा ओवत होती. तो कधी काढला हे तिला कळलंही नव्हतं.

तिनं खोक्यातली रिंग हातात घेतली. लिंबाची फांदी, झोळी, पाय, तीट, सगळं होतं. एक टाका इकडचा तिकडे नव्हता. तिनं रिंग उलटी केली. मागे कडक पांढरा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर यंत्राचा दोरा एकसारखा, रेघ मारल्यासारखा गेला होता. एका कडेनं तो सुटून लोंबत होता.

"तेवढंच उसवलंय," एस्तेर संकोचून म्हणाली. "म्हटलं, तुमच्याच हातची आहे, तुम्हीच घालून द्याल एक टाका. ताई... माझं काही चुकलं का?"

"तुमचं काही नाही चुकलं," विजयमाला म्हणाली. "ठेवून जा."

एस्तेर गेल्यावर प्रेरणा दाराच्या चौकटीला टेकली. "मला बहीण होती?"

"हाव."

"आणि हे शुभदामावशीला माहीत, गोव्याला माहीत. मलाच नाही."

विजयमाला दाणे गोळा करत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती यवतमाळला गेली. बसमध्ये कोणी ओळखीचं भेटलं नाही हे बरं झालं. तोवरही तिच्या मनाचा एक कोपरा म्हणत होता की हे अनघानं केलं असेल, शुभदाला पत्ताच नसेल, आपण सांगू आणि ती कपाळाला हात लावेल.

शुभदानं दार उघडलं, आणि विजयमालाच्या हातातला खोका पाहून तिचा चेहरा उतरला. तिला ठाऊक होतं. विजयमालाला विचारायची गरजच उरली नाही.

"आत ये ना विजू. बस आधी."

"हे मशीनचं हाये."

"सुरतेला करून घेतो आम्ही. अगं, मागणी हजारोंची आली. तुम्ही चौघी किती करणार? तुझे डोळे... तुलाच त्रास नको म्हणून."

"वर हातचं म्हून लिवलं हाये. माह्या हातचं."

"नक्षी तुझीच ना? टाका तुझाच. मशीननं फक्त..." शुभदा थांबली.

"मशीनचं जाऊ दे," विजयमाला म्हणाली. "तिचं काहून सांगतलं?"

शुभदा खुर्चीवर बसली. "अनघानं विचारलं होतं, की या बाईंची काही गोष्ट आहे का. लोकांना नुसती वस्तू नको असते, त्यामागचं माणूस हवं असतं. मी सहज सांगायला लागले, आणि सांगता सांगता रडले गं मी. अनघाही रडली. खरं सांगते."

"तू रडली. अन् मंग तिले लिवू देलं."

"विजू, मला वाटलं, त्या पोरीचं नाव कुठे तरी राहील. तुझ्या घरात तर कोणी घेत नाही ते."

"मी घेत होती." विजयमालाचा आवाज चढला नाही. "रोज नाही. कापूस घरात आला की घेत होती. एकटीच. तेवढ्यासाठीच होतं ते."

आतल्या खोलीतून नीळकंठ वकील डोकावले, दोघींकडे पाहून परत गेले. स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली. शुभदा उठली नाही.

"मले सांगतलं असतं तरी..." विजयमाला म्हणाली आणि तिची तीच थांबली. सांगितलं असतं तर आपण नाहीच म्हटलं असतं. ते शुभदालाही माहीत होतं, म्हणूनच तिनं विचारलं नव्हतं. "तुले मंदी म्हून सांगताना काहीच वाटलं नाही? मी त्या तिघींले तेच सांगत होती."

शुभदानं मान खाली घातली.

"आता हे बंद कर. कार्ड काढ. नाव काढ."

"काढते. शप्पथ काढते. पण माल दुकानांत गेलाय गं सगळा, आत्ता परत कसा मागवणार?" शुभदानं तिचा हात धरला. "एवढा नाताळ होऊ दे."

विजयमालानं तिच्याकडे पाहिलं. हीच बोटं, हाच आवाज, पाच वर्षं आपण इथे पाय पसरून बसलो. तिनं हात सोडवून घेतला. दिवाणखान्यात जाऊन पुस्तकांच्या कपाटाशेजारची रिंग खिळ्यावरून काढली. मागचं कापड चाचपून पाहिलं. तिच्याच गाठी होत्या. ती पिशवीत ठेवून, खोका टेबलावर तसाच सोडून ती निघाली. फाटकापर्यंत शुभदा मागे आली, "चहा तरी घे, विजू," म्हणत राहिली. रस्त्यावर आल्यावर विजयमालाला आठवलं की खोक्यातली मशीनची रिंग एस्तेरची होती. पण परत जायला तिचे पाय वळेनात.

घरी बाबारावांना प्रेरणानं सगळं सांगून ठेवलं होतं. सकाळी शेतात जाताना त्यांनी बैल थांबवले आणि म्हणाले, "नाव होतं तिचं?"

"हाव."

"बावीस वर्षं झाली. तू मले नाही सांगतलं. तिले सांगतलं."

"तुमी कधी विचारलं नाही."

"मीच नेलती तिले," बाबाराव म्हणाले. "ह्या हातावर. खड्डा मी खांदला, तुह्या बापानं नाही. मले वाटे, तो विषय काढला तर तुले तरास होईन."

विजयमाला बैलगाडीला धरून उभी राहिली. शुभदावरचा सगळा राग बाजूला पडला आणि या माणसापुढे तिची तिलाच लाज वाटली. त्याच्यासाठी राखून ठेवायची ती गोष्ट होती, आणि ती भलतीकडे दिली गेली होती. "चुकलं माह्यं," ती म्हणाली. बाबारावांनी मान हलवली; त्यात हो होतं की नाही, हे तिला कळलं नाही. जानेवारीत ते तिला आणि प्रेरणाला मारेगावकडे घेऊन गेले. नाल्याकाठच्या बाभळीखालची जागा त्यांनी काठीनं दाखवली. तिघं थोडा वेळ उभे राहिले. प्रेरणानं बापाला विचारलं, "काही म्हणायचं का इथं?" विजयमालानं वाकून मातीला हात लावला.

एस्तेरला विजयमालानं स्वतः जाऊन सांगितलं की तिची रिंग यवतमाळला राहिली, आणि बदल्यात घरात पडून असलेला एक जुना रोही दिला. एस्तेरनं तो छातीशी धरला. "ताई, मी बहिणीला फोन केला. दुकानात अजून आहेत म्हणे. लोक घेतात आणि रडतात."

"रडू द्या," विजयमाला म्हणाली.

शुभदानं शब्द पाळला. नाताळ झाल्यावर कार्ड बंद झालं, खोक्यावर दुसरं काही तरी नाव आलं. तसं तिनं प्रेरणाच्या फोनवर कळवलं, खाली लांबलचक माफीही लिहिली. प्रेरणानं ती वाचून दाखवली. विजयमाला म्हणाली, "आता पुसून टाक." बरोबरच्या तिघींना तिनं खरं काय ते सांगितलं आणि त्यांचीही माफी मागितली. एक जण म्हणाली, आपण दुसरीकडे काम पाहू. विजयमालानं तिला सगळ्या सुया, दोरे आणि रिंगा देऊन टाकल्या. झोळीची रिंग तेवढी तिनं कपाटात साड्यांच्या खाली ठेवली आहे.

मे महिन्यात दारव्ह्याला शाळेतल्या एका मैत्रिणीच्या मुलाचं लग्न होतं. मांडवात शुभदा दिसली. ती बारीक झाली होती. पंगतीतून वाट काढत ती जवळ आली आणि "विजू" म्हणाली. विजयमालानं पाहिलं, नमस्कारासारखी मान हलवली आणि पुढच्या पंगतीत जाऊन बसली. तिच्या शेजारी एक अनोळखी बाई होती, बोलकी, हसतमुख. तिनं गाव विचारलं, शेती विचारली.

"लेकरं किती तुमाले?"

"एक पोरगी," विजयमाला म्हणाली, आणि वाढप्याकडे पाहून पत्रावळ नीट सरळ केली.